एका गोगलगायीची साक्ष

(द्वितीय वर्ष, कला)

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरून गरीब, भोळा दिसणारा पण आतून पक्का बेरकी असा कोणी भेटला की ती हमखास आठवते. ज्याने ही म्हण रचली त्याने गोगलगाय नीट पाहिली असली पाहिजे, कारण तिचा पाय खरोखरच पोटाशी असतो आणि त्या एका मांसल पायावरच तिचे सारे चालणे. परंतु म्हणीतला आरोप पावसाळ्यात परड्यातल्या अळूवर फिरणाऱ्या गोगलगायीला लागू पडत नाही. ती बिचारी पाला खाऊन जगते. तो पुरेपूर लागू पडतो तिच्या समुद्रातल्या एका नातलगाला. ही नातलग शिकारी आहे. तिच्या जिभेला दात आहेत, तोंडाला सोंड आहे आणि दगडासारख्या कवचाला भोक पाडण्याची हातोटी तिच्यापाशी आहे. असे असूनही प्रस्तुत लेखात तिला मी आरोपी म्हणून उभी करणार नाही. ती येथे साक्षीदार आहे, आणि तिची साक्ष ऐकून जगातल्या अनेक देशांना आपले कायदे बदलावे लागले.

तिचे शास्त्रीय नाव न्युसेला लॅपिलस. इंग्रजीत तिला डॉग व्हेल्क म्हणतात, मात्र कुत्र्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. 'लॅपिलस' या लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसा खडा. स्वीडनचे थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली दिलेले हे नाव तिला शोभते, कारण खडकाच्या फटीत बसलेली ती खड्यासारखीच दिसते. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या पेराएवढी. शंख जाड आणि टोकाकडे निमुळता. रंग कधी पांढरा, कधी पिवळसर, कधी तपकिरी, तर कधी अंगावर पट्टे. तिची वस्ती उत्तर अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवर आहे. अलीकडे नॉर्वे, आइसलँड, ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स ते थेट पोर्तुगाल आणि पलीकडे कॅनडा व अमेरिकेचा ईशान्य किनारा. भरतीला बुडणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक हे तिचे घर. आपल्या किनाऱ्यावर ही जात नाही. पण तिची भावंडे आहेत. त्यांच्याकडे आपण शेवटी वळू. तोपर्यंत सोयीसाठी तिला नुसते न्युसेला म्हणू या.

न्युसेलाचे खाणे दोन प्रकारचे. एक बार्नॅकल. खडकांवर, धक्क्याच्या खांबांवर आणि बोटींच्या तळांवर चिकटलेले पांढरे, खरखरीत, अनवाणी पायाला कापणारे हे प्राणी समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नकोत. दुसरे खाणे म्हणजे खडकाला दाटीवाटीने चिकटणाऱ्या काळ्या-निळ्या शिंपल्या. आपल्याकडच्या शिणाण्यांच्याच कुळातल्या त्या. या शिंपल्यांची दोन झाकणे इतकी घट्ट मिटलेली असतात की कोयत्याच्या टोकाशिवाय ती उघडत नाहीत. मग हात नसलेली, चोच नसलेली ही पेराएवढी गोगलगाय त्यांना खाते कशी?

ती दार उघडायच्या भरीस पडत नाही. ती भिंतीला भोक पाडते. शिंपलीवर चढून ती आधी जागा हेरते. तिच्या पायाच्या पुढच्या भागात एक लहानसे इंद्रिय असते, त्यातून कवच मऊ करणारा स्राव बाहेर येतो. स्रावाने चुन्याचा तो थर ढिला पडला की ती आपली जीभ पुढे करते. ही जीभ म्हणजे दातांच्या असंख्य ओळी असलेली कानसच. कानशीने थोडे खरवडायचे, पुन्हा स्राव सोडायचा, पुन्हा खरवडायचे. असे तासन् तास चालते. शेवटी टाचणीने पाडावे तसे वाटोळे, सुबक भोक आरपार होते. त्यातून ती सोंड आत घालते, पाचक रस सोडते आणि आतल्या मांसाची पेज झाली की ती शोषून घेते. एक शिंपली फोडून फस्त करायला तिला कित्येक दिवस लागतात, कधी आठवडाही लागतो. बार्नॅकलचे काम मात्र दिवसभरात उरकते. त्याच्या तोंडाशी असलेल्या पाळ्यांच्या फटीतूनच पुष्कळदा तिला वाट मिळते.

शिंपल्याही अगदीच असहाय नसतात. खडकाला धरून राहण्यासाठी त्या जे चिवट धागे काढतात, तेच धागे अंगावर चढलेल्या गोगलगायीला चिकटवून त्या तिला जखडून टाकतात. पीटर पेट्रायटिस या संशोधकाने १९८७ साली याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. जखडलेली न्युसेला तिथेच उपाशी मरते. शिकार शिकाऱ्याला बांधून घालते ही गोष्ट पंचतंत्रात शोभावी अशी असली तरी ती खरी आहे.

न्युसेलाचाही शत्रू असतो, तो म्हणजे खेकडा. खेकडे आपल्या नांग्यांनी तिचा शंख फोडतात. म्हणून शांत आखातातील, खेकड्यांच्या राज्यातील न्युसेलाचा शंख जाड, लांबट आणि तोंड अरुंद असते. उलट लाटा आदळतात अशा उघड्या कड्यांवर खेकडे कमी असतात. तेथे तिचा शंख आखूड आणि तोंड रुंद असते, कारण लाटेत टिकून राहायला मोठा पाय लागतो आणि मोठ्या पायाला मोठे दार लागते. रिचर्ड पामर या कॅनेडियन शास्त्रज्ञाने १९९० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर फारच बोलका आहे. त्याने काही गोगलगायींच्या पाण्यात खेकड्याच्या टाकीतले पाणी सोडले. खेकडा प्रत्यक्षात त्यांच्याजवळ फिरकलाही नव्हता, केवळ पाण्याला त्याचा वास होता. तेवढ्यावरून त्यांनी खाणे कमी केले आणि शंख जाड करीत नेला. ज्या प्राण्याला आपण मंद, मठ्ठ म्हणतो तो पाण्यात काय विरघळले आहे याची इतकी बारीक दखल घेतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावरच उभी आहे.

माणसाशी न्युसेलाची ओळख फार जुनी आहे. तिच्या अंगातील एका ग्रंथीत पिवळट पांढरा रस असतो. तो कापडाला लावून उन्हात धरला की आधी हिरवा, मग निळसर आणि शेवटी जांभळा होतो, आणि तो जांभळा रंग सहसा जात नाही. भूमध्य समुद्रातल्या तिच्या नातलगांपासून फिनिशियन लोक राजेरजवाड्यांचा जांभळा रंग काढीत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. उत्तरेकडे हे काम न्युसेलावर भागवले जाई. आठव्या शतकातील इंग्रज धर्मपंडित बीड याने आपल्या इतिहासग्रंथात ऊन-पावसाला दाद न देणाऱ्या या रंगाची नोंद केली आहे. आयर्लंडच्या पश्चिमेस असलेल्या इनिशकी नॉर्थ या बेटावरील उत्खननात सातव्या शतकातील रंगाऱ्यांच्या जागेपाशी फोडलेल्या शंखांचा खच सापडला. ब्रिस्टलच्या विल्यम कोल याने १६८५ साली या बदलत्या रंगांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. पुढे स्वस्त कृत्रिम रंग आले आणि माणूस या गोगलगायीला विसरला. तिची पुन्हा आठवण झाली तीही एका रंगामुळेच. फरक इतकाच की या वेळी रंग तिच्यातून निघाला नव्हता, तो तिच्यावर येऊन पडला होता.

त्या रंगाकडे वळण्यापूर्वी तिच्या संसाराकडे पाहिले पाहिजे. पुष्कळशा सागरी प्राण्यांची पिले जन्मतःच पाण्यावर तरंगत दूरदूर जातात आणि जिथे रुजतील तिथे घर करतात. शिंपल्या, कालवे, बार्नॅकल सारे याच पद्धतीने पसरतात. न्युसेलाचे तसे नाही. मादी खडकाच्या कपारीत गव्हाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, पिवळसर, सुरईच्या आकाराच्या कुप्या चिकटवते. एकेका कुपीत काहीशे अंडी असतात, परंतु त्यांतून पिले निघतात ती पंचवीस-तीसच. उरलेली अंडी म्हणजे या पिलांची शिदोरी. सुमारे चार महिन्यांनी कुपीचे तोंड उघडते आणि पिले बाहेर येतात ती लहानसा शंख पाठीवर घेऊन, सरपटतच. ती आईच्याच खडकावर वाढतात आणि वयात यायला त्यांना दोन-तीन वर्षे लागतात. बहुतेक न्युसेला ज्या खडकावर जन्मते त्याच्याच आसपास जगते आणि तिथेच मरते. गाव सोडणे तिला ठाऊक नाही. या स्वभावाचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे, एखाद्या खडकावरची न्युसेला नष्ट झाली तर तिची जागा भरायला दुसरी सहज येत नाही. दुसरे असे की ती जे भोगते ते त्याच जागेचे भोगते. त्यामुळे तिची साक्ष ऐकीव नसते.

आता रंगाविषयी. पाण्यात राहणाऱ्या प्रत्येक बोटीच्या तळावर शेवाळ, बार्नॅकल, शिंपल्या यांचे थर चढतात. तळ खरखरीत झाला की बोट जड चालते आणि इंधन जास्त जळते. हे दुखणे शिडाच्या जहाजांइतकेच जुने. आपल्या कोकणात लाकडी होड्या पावसाळ्याला वर ओढून शाकारायच्या, तळ खरवडायचा आणि माशाचे तेल व राळ चोपडायची, हा त्यावरचा परंपरागत इलाज. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. विसाव्या शतकात त्याची जागा विषारी रंगांनी घेतली. १९५० नंतरच्या दशकात हॉलंडमधील व्हान डेर केर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कथिलापासून बनणाऱ्या काही सेंद्रिय संयुगांचे जंतुनाशक गुण दाखवून दिले. त्यांतलेच एक ट्रायब्युटिल टिन, म्हणजेच टीबीटी. साठच्या दशकात ते बोटींच्या रंगात मिसळले जाऊ लागले. सत्तरच्या दशकात अशी युक्ती निघाली की रंगाचा थर पाण्यात हळूहळू झिजत जावा आणि प्रत्येक वेळी नवा विषारी पृष्ठभाग वर यावा. एकदा रंग दिला की पाच वर्षांपर्यंत चिंता नाही. जहाजवाले खूश, रंगवाले खूश. सहलीच्या छोट्या नौकांपासून महाकाय तेलवाहू जहाजांपर्यंत सर्वांच्या तळाला तो रंग लागला.

थर झिजतो म्हणजे तो कुठेतरी जातो. तो कुठे जातो हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

१९७० साली इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात स्टीफन ब्लेबर या अभ्यासकाला एक विचित्र गोष्ट आढळली. तेथील काही मादी न्युसेलांच्या उजव्या शिंगाच्या मागे नराच्या जननेंद्रियासारखा अवयव उगवला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ या संशोधकाने तेथील चिखलात राहणाऱ्या दुसऱ्या एका गोगलगायीत तोच प्रकार नोंदवला आणि त्याला 'इम्पोसेक्स' असे नाव दिले. मराठीत 'लादलेले नरत्व' म्हणता येईल. हे नरत्व लादणारा कोण, याचा पत्ता लागायला दहा वर्षे गेली. नौकांच्या तळांजवळ हा दोष फार आणि दूरच्या स्वच्छ पाण्यात नाही, हे पाहून स्मिथने १९८१ साली बोट ठेवले ते टीबीटीच्या रंगावर.

निर्णायक काम पुन्हा प्लिमथलाच झाले. तेथील सागरी जीवशास्त्र संस्थेतील ब्रायन, गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैऋत्य इंग्लंडचा किनारा पायी धुंडाळला. ओहोटीला खडकावर उतरायचे, गोगलगायी मोजायच्या, काही नमुने तपासायचे, पुन्हा पुढचा खडक. जिथे बंदर, नौकातळ, जहाजांची वर्दळ, तिथे माद्यांमध्ये नरत्वाची लक्षणे सर्वांत जास्त. काही ठिकाणी तर न्युसेला उरलीच नव्हती. मग त्यांनी निर्मळ किनाऱ्यावरच्या गोगलगायी उचलून नौकातळाजवळ नेऊन ठेवल्या; त्यांच्यातही दोष वाढला. प्रयोगशाळेत या रंगातून झिरपलेल्या पाण्यात सुमारे चार महिने ठेवल्यावर तेच झाले. हे सारे १९८६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

विषाचे प्रमाण ऐकले तर विश्वास बसणार नाही. लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅम, किंबहुना त्याहूनही कमी टीबीटी असले तरी न्युसेलाच्या मादीत बदल सुरू होतो. याचा हिशेब असा मांडता येईल: एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक मीटर खोल तलावात फक्त एक ग्रॅम. चिमूटभर मीठही त्याच्या जवळपास भरेल. प्रमाण आणखी काही पटींनी वाढले की नराची नलिका मादीच्या अंगात वाढत जाते आणि अंडी बाहेर पडण्याची वाट बुजवून टाकते. मादी कुप्या तयार करते, पण त्या बाहेर टाकू शकत नाही. त्या आतच साठत जातात आणि कधी कधी त्यानेच ती मरते. खडकावर वरवर पाहणाऱ्याला गोगलगायी दिसत राहतात, कारण त्या कित्येक वर्षे जगतात. पिले मात्र दिसत नाहीत. एखाद्या गावातली शाळा ओस पडावी आणि गाव तसेच उभे असावे, तसा तो किनारा असतो. काही वर्षांनी म्हातारी पिढी संपते आणि मग खडक रिकामा होतो.

टीबीटी मादीच्या शरीरात नेमके काय करते, हे त्यानंतर कळले. जपानमधील शास्त्रज्ञांनी २००४ साली तेथील एका जातभाई गोगलगायीवर प्रयोग करून दाखवले की पेशींतल्या एका विशिष्ट ग्राहकाला, म्हणजे जणू एका कुलपाला, टीबीटीची किल्ली चुकून बसते आणि नको ते दार उघडते. पुढे न्युसेलामध्येही हेच दिसून आले.

तथापि, केवळ गोगलगायीच्या दुःखाने सरकारे हलली असती काय? याचे उत्तर फ्रान्सने दिले. तेथील आर्काशोंचे आखात कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तेथे कालवांची पिले जगेनाशी झाली आणि मोठ्या कालवांची कवचे जाड, पोकळ खणांची, वेडीवाकडी होऊ लागली. बाजार बसला. कारण तेच निघाले: आखातात उभ्या असलेल्या नौकांचा रंग. फ्रान्सने जानेवारी १९८२ मध्ये पंचवीस मीटरपेक्षा लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली. ब्रिटनने १९८७ साली तोच मार्ग धरला. मोठी जहाजे मात्र कोणा एका देशाच्या कायद्याने बांधली जात नाहीत. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ऑक्टोबर २००१ मध्ये करार केला आणि तो १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. ब्लेबरच्या पहिल्या नोंदीपासून या दिवसापर्यंत अडतीस वर्षे लोटली होती.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील फरक शिकवतात. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली हा विचार मांडला. कारखानदार कोळशाचे पैसे देतो, मजुरीचे देतो. पण धुराने शेजाऱ्याचे कपडे काळे झाले तर त्याचे पैसे कोणाच्या वहीत लिहायचे? परीक्षेपुरती ही व्याख्या मी पाठ केली होती. तिचा अर्थ मला या गोगलगायीने समजावला. रंगाच्या डब्यावर जी किंमत छापलेली होती ती अपुरी होती. जहाजवाल्याचे इंधन वाचले ही जमेची बाजू त्याच्या वहीत आली. खर्चाची बाजू खडकावर मांडली गेली आणि ती वाचायला ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरणारा माणूस लागला. आर्काशोंच्या कालवांना बाजारभाव होता म्हणून त्यांची ओरड लवकर ऐकू आली. न्युसेलाला भाव नव्हता. पण कालवाचे दुखणे दिसायला जेवढे विष लागते त्याहून कितीतरी कमी विषात ती बोलू लागली होती.

माझी आई ओहोटीला खडकावर कालवे फोडायला जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे मी काय वाचते याचे तिला नेहमी कुतूहल असते. हा लेख लिहीत असताना मी तिला न्युसेलाची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अगो, कालवां खाऊक होतत, तिसरे खाऊक होतत. ह्येचो उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. ज्याला रोज खडकावर पोट भरायचे आहे त्यानेच तो विचारावा. त्याचे एक उत्तर जोसेफ कॉनेल या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामात आहे. त्याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खडकाच्या काही तुकड्यांवर जाळीचे पिंजरे बसवले, जेणेकरून न्युसेला आत शिरू नये. पिंजऱ्याबाहेर ती थोराड बार्नॅकल वेचून खात राहिली. पिंजऱ्यात मात्र ते टिकून राहिले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनी दाखवून दिले की खडकावर कोण राहील आणि कोण नाही हे ठरवण्यात या लहानशा शिकाऱ्याचा मोठा हात असतो. दुसरे उत्तर मला जास्त जवळचे वाटते. आईला मी म्हटले, "पाण्यात काय मिसळलंय ते तुझ्या कालवांच्या आधी हिला कळतं. ही गप्प झाली की पुढची पाळी कालवांची." त्यावर ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी खडकावरून येताना तिने पदराच्या गाठीतून चार लहान शंख आणले आणि माझ्या टेबलावर ठेवले.

ते शंख न्युसेलाच्या भावंडांचे होते. तिच्याच कुळातल्या, कवचाला भोके पाडणाऱ्या गोगलगायी आपल्या खडकाळ किनाऱ्यावरही राहतात आणि कालवांवर जगतात. हा विषय परक्या देशाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली भारतीय किनाऱ्यावरील एका शिकारी गोगलगायीत हाच 'लादलेल्या नरत्वा'चा दोष नोंदवला आहे. जहाजे जिथे जातात तिथे त्यांचा रंगही जातो.

न्युसेलाच्या कथेचा उत्तरार्ध तसा आशादायक आहे. छोट्या नौकांवरील बंदीनंतर इंग्लंडच्या अनेक खडकांवर ती पुन्हा दिसू लागली, माद्यांतील दोष ओसरत गेला. ईशान्य अटलांटिकच्या रक्षणासाठी एकत्र आलेल्या देशांच्या ऑस्पार आयोगाने तिची तपासणी हेच टीबीटी मोजण्याचे एक अधिकृत माप ठरवले. केंट परगण्यातील डम्प्टन गॅप येथे तर निसर्गाने वेगळाच चमत्कार केला. तेथील काही नरांमध्ये जन्मतःच नराचे इंद्रिय खुरटलेले असते. एरवी हे व्यंगच. परंतु हाच आनुवंशिक दोष ज्या माद्यांत उतरला त्यांच्यावर विषाने नरत्व लादता येईना, आणि आसपासच्या वस्त्या नाहीशा झाल्या तेव्हा ही वस्ती टिकून राहिली. गिब्ज यांनी १९९३ साली ते दाखवून दिले. ज्याला आपण वैगुण्य म्हणतो तेच एखाद्या आपत्तीत वंश राखते.

परंतु सगळे आलबेल झाले असे नाही. बंदरांच्या तळाच्या गाळात जुने टीबीटी अजून दडलेले आहे. गाळ उपसला की ते पुन्हा पाण्यात येते. टीबीटीच्या जागी तांब्याचे आणि इतर विषांचे रंग आले. त्यांपैकी सायब्युट्रिन नावाच्या द्रव्यालाही १ जानेवारी २०२३ पासून त्याच करारान्वये मनाई करावी लागली. बोटीचा तळ स्वच्छ ठेवण्याची गरज संपलेली नाही आणि संपणारही नाही. समुद्रावर पोट असलेल्या घरातली मुलगी ती नाकारणार नाही. मागणे एवढेच की रंगाची किंमत ठरवताना खडकावरची वहीही उघडली जावी.

ती वही उघडायला फार मोठी विद्या लागत नाही. ब्रायन-गिब्ज यांच्या कामाचा पुष्कळसा भाग चालणे आणि मोजणे हाच होता. मीटरभर बाजूची एक लाकडी चौकट, एक वही, एक पेन्सिल आणि ओहोटीचे वेळापत्रक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खडकावर, चौकटीत किती मोठ्या गोगलगायी, किती पिले आणि किती अंड्यांच्या कुप्या आहेत ते लिहायचे. एकही जीव न उचलता हे करता येते. पिले दिसत असतील तर पाणी बरे आहे असे समजावे. मोठ्या दिसतात पण पिले दिसत नाहीत, असे दोन-तीन वर्षे आढळले तर मात्र कोणीतरी शास्त्रज्ञाला गाठले पाहिजे. आपल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, भूगोलाचे आहेत आणि ओहोटीची वेळ घड्याळ न पाहता सांगणारी आमच्यासारखी कोळीवाड्यातली मुलेही आहेत. येत्या वर्षी ही पहिली मोजणी आपण मिळून करू शकू. खडक कोणते निवडावेत ते आईला विचारून मी यादी केली आहे.